पेट घेणारा शब्द

कल्याण,
14 एप्रिल

चि. मनू हिस,
अण्णामामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. तीनदा बोटाने वर सारावा लागला, इतका लांब. उत्तर मोबाइलवर लिहिणं माझ्या अंगठ्यांना जमत नाही, म्हणून कागद घेतला. मामी फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार, चाळीस वर्षं वाचतेय ती.

आधी तुझी चूक बघू. रंगाच्या कारखान्याचा मजकूर मराठी करायला आला. थिनरच्या ड्रमवर ‘इन्फ्लेमेबल’ असं होतं आणि तू लिहून दिलंस ‘न पेटणारे’. तुझा हिशेब सरळ होता. इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य, इनक्युरेबल म्हणजे असाध्य, तेव्हा इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईचा गोल काढून कागद परत पाठवला. ड्रमवर काही छापलं गेलं नाही, कोणाच्या भुवईचा केसही करपला नाही. आणि तू लिहितेस, ‘मामा, हे काम माझं नाही, मी आपली शाळेत शिकवायला जाते.’ एवढ्यावरून कोणी गाव सोडतं का? ज्या खड्ड्यात तू पडलीस, त्यात सगळेच पडतील या धास्तीने अमेरिकेतल्या आग प्रतिबंधाचं काम करणाऱ्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी शब्दच बदलायला घेतला होता. खड्डा तुझ्यासाठी खणलेला नव्हता. तो लॅटिनच्या काळापासून तिथेच आहे.

लॅटिनमध्ये ‘इन’ दोन. दिसायला जुळे, रक्ताने परके. एक नकाराचा, आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’चा चुलतभाऊ. दुसरा ‘आत’, ‘मध्ये’ असं सांगणारा. ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाळा. तिला हा दुसरा ‘इन’ लागून ‘इन्फ्लामारे’ झालं, म्हणजे पेटवणं, ज्वाळेच्या स्वाधीन करणं. त्यावरून इन्फ्लेमेबल, पेटवता येईल असं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा शब्द इंग्रजीत नांदतोय. ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द 1813 साली एका भाषांतरात सापडतो, पण पुढची शंभर वर्षं त्याला कोणी विचारत नव्हतं. (भाषांतरकारानेच तो घडवला असावा, याची गंमत वाटू दे तुला.) 1920 नंतर अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने त्याला कोपऱ्यातून बाहेर काढलं, विमा कंपन्यांनी उचलून धरला. ब्रिटिश मानक संस्थेने 1959 मध्ये तोच पसंत केला. का? तुझ्यासारखा हिशेब कोणीतरी टँकरजवळ उभं राहून करेल म्हणून.

त्याच 1959 साली ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाने आपल्या गुरूचं इंग्रजी लेखनावरचं छोटं पुस्तक वाढवून छापलं. त्यात या नव्या शब्दाला त्याने चिमटा काढलाय. आशय असा, की तुम्ही पेट्रोलचा ट्रक चालवत नसाल आणि लहान मुलं किंवा निरक्षर माणसं यांची चिंता तुमच्या डोक्यावर नसेल, तर आपला जुना शब्दच वापरा. चिमटा मला आवडतो, पण त्यात एक शिष्ट गैरसमज आहे आणि तो मी कारखान्यात तीस वर्षं पाहिला. निरक्षर माणूस या शब्दाने फसत नाही. तो अक्षरांकडे बघतच नाही. तो वास घेतो, लाल रंग बघतो, ज्वाळेचं चित्र बघतो आणि विडी खिशात ठेवतो. ज्याला इंग्रजी फर्डं येतं तोही फसत नाही. फसतो तो मधला, ज्याला उपसर्ग शिकवलेले आहेत. आमच्याकडे हा शब्द उलटा वाचला तो रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या एका शिकाऊ मुलाने. टोल्यूइन या पेटणाऱ्या द्रवाचे ड्रम त्याने बॉयलरच्या भिंतीला लावून ठेवले होते आणि वर मला शांतपणे सांगितलं, ‘सर, इन्फ्लेमेबल आहे, काही होत नाही.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्याचा चेहरा पाहिला आणि लक्षात आलं, की या मुलाने व्याकरण अगदी बरोबर लावलंय.

हे इंग्रजांचंच खूळ आहे असं मात्र समजू नकोस. आपलं ‘अघोर’ घे. संस्कृतात ‘घोर’ म्हणजे भयंकर, आणि ‘अघोर’ म्हणजे जे भयंकर नाही ते. शंकराचं एक नाव आहे ते, सौम्य रूपाचं. आणि आपण मराठीत अघोरी म्हणतो कशाला? अंगावर काटा येईल अशा गोष्टीला. ‘अ’ जागच्या जागी आहे, नकार कुठल्या कुठे गेला. ‘विफळ’मधला ‘वि’ फळ काढून घेतो, ‘विशुद्ध’मधला ‘वि’ शुद्धपणा वाढवतो. अक्षर तेच. आणि उपसर्गच कशाला, आख्खी क्रियापदं आपण उलटी फिरवतो. नारळ फोडायचा तर ‘वाढवायचा’, दुकान बंद करायचं तर ‘वाढवायचं’, बांगडी पिचली तर ‘वाढली’. तुझी आजी दारातून बाहेर पडताना कधी ‘जाते’ म्हणाली का? ‘येते’ म्हणायची. अशुभ ओठांवर यायला नको, म्हणून शब्दाला उलटं वळण. घरात चालतं हे, कारण घरात सगळ्यांना ठाऊक असतं. कल्याणात राहायला आलेल्या एखाद्या नव्या माणसाला दुकानदार म्हणाला ‘थांबा, दुकान वाढवतोय’, तर तो बिचारा दुकान मोठं व्हायची वाट बघत बसेल.

फ्रेंच लोकांनी यातून सोपी वाट काढली. त्यांच्याकडे पेटणारं ते ‘इन्फ्लामाब्ल’ आणि न पेटणारं ते ‘इनइन्फ्लामाब्ल’. दोन्ही ‘इन’ एकापुढे एक उभे, एक नकाराचा, एक आतला. जीभ अडखळते, पण जीव वाचतो.

आता तुला एका माणसाची गोष्ट सांगतो. तुझ्या भाषेच्या धंद्याचा आणि माझ्या आग रोखण्याच्या धंद्याचा असा दोघांचा पूर्वज म्हणावा असा तो एकटाच. बेंजामिन ली व्होर्फ. 1897चा जन्म, एमआयटीमधून केमिकल इंजिनीअर, आणि 1919पासून मरेपर्यंत, म्हणजे 1941पर्यंत, हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत आग प्रतिबंधक अभियंता. कारखान्यांत जायचं, आग कुठे लागू शकते ते शोधायचं, लागलीच असेल तर का लागली त्याचा अहवाल लिहायचा. उरलेल्या वेळात हा गृहस्थ मेक्सिकोतली नाहुआत्ल, माया लोकांची लिपी, ॲरिझोनातल्या होपी लोकांची भाषा असले विषय घेऊन बसायचा. विद्यापीठांनी ओळखलं, येलमध्ये शिकवलंही, पण विम्याची नोकरी काही सोडली नाही. अवघं चव्वेचाळीस वर्षांचं आयुष्य. भाषा माणसाच्या विचाराला वळण लावते, या त्याच्या म्हणण्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. त्याचं टोकाचं रूप आज फारसं कोणी मानत नाही, आणि होपी भाषेत काळाची कल्पनाच नाही हे त्याचं विधान तर नंतरच्या अभ्यासकांनी खोडूनच काढलं. ते जाऊ दे. मला त्याचे आगीचे दाखले हवे आहेत, कारण ते त्याच्या रोजच्या कामातून आले होते.

1939 साली लिहिलेल्या एका निबंधात तो म्हणतो, की आगीचे अहवाल चाळताना त्याला सुरुवातीला फक्त भौतिक कारणं दिसत होती: तुटकी वायर, हवेला वाट न ठेवणं वगैरे. मग दिसायला लागलं, की त्या जागेला लोक काय म्हणतात हेही आगीचं कारण असतं. पेट्रोलचे भरलेले ड्रम जिथे ठेवतात तिथे माणसं जपून वावरतात. ‘रिकामे’ ड्रम ठेवतात तिथे सिगारेट ओढतात, थोटकं फेकतात. आणि धोका रिकाम्या ड्रममध्ये जास्त असतो, कारण त्यात वाफ भरलेली असते. दुसरा दाखला तर मी दर प्रशिक्षणात सांगायचो. लाकूड ऊर्ध्वपातनाच्या एका कारखान्यात भांड्यांना चुनखडीपासून केलेल्या एका पदार्थाचं वेष्टण होतं आणि त्याच्या नावातच ‘लाइमस्टोन’ होतं. स्टोन म्हणजे दगड, दगड कुठे जळतो! म्हणून त्याला आगीपासून दूर ठेवण्याची कोणी काळजी घेतली नाही. भांड्यातून निघणाऱ्या ॲसेटिक ॲसिडच्या वाफांनी त्या चुनखडीचं हळूहळू कॅल्शियम ॲसेटेट झालं, ते तापलं की ॲसिटोन सुटतं, आणि ॲसिटोन काय करतं ते तुला सांगायला नको. ‘दगड’ भडाभडा पेटला तेव्हा सगळे अवाक् झाले.

रिकाम्या ड्रमवरून आठवलं. आमच्या कारखान्यात, मी नवा असताना, एका फिटरने रिकामा ड्रम अर्धा कापून त्याची पाण्याची टाकी करायचं मनावर घेतलं. वेल्डिंगची ठिणगी पडली आणि झाकण पत्र्याच्या छपरातून वर गेलं. माणूस वाचला, पण दोन्ही हातांची कातडी सोलून निघाली. चौकशीत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘साहेब, रिकामा होता हो.’ खोटं नव्हतं त्याचं. ओतून झाला की ड्रम रिकामाच म्हणतो आपण. त्या दिवसापासून मी आमच्या आवारात ‘रिकामे ड्रम’ ही पाटी काढून टाकली आणि तिथे लिहवून घेतलं: ‘ओतलेले ड्रम. आत वाफ आहे.’ मॅनेजर हसले. हसू दे.

यात जी गोष्ट आहे ती तू नीट धरून ठेव, कारण तुला ‘इन्फ्लेमेबल’चं मराठी करायचंय. पेट्रोल पेटत नाही. पेटते ती पेट्रोलची वाफ, तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असली तर. साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत. त्याहून कमी असली तर पेटत नाही, जास्त झाली तरी पेटत नाही. द्रवातून पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा उणे 40 अंशांच्या आसपास, म्हणजे कल्याणात काय, काश्मीरच्या थंडीतही ते तयारच. टोल्यूइनचा सुमारे 4 अंश, रॉकेलचा 38च्या पुढे. आपल्या 1934च्या पेट्रोलियम कायद्यात याच हिशेबाने वर्ग पाडलेत: 23 अंशांच्या खाली अ वर्ग, 23पासून 65च्या खाली ब, 65पासून 93च्या खाली क. त्या कायद्याच्या इंग्रजीत शब्द ‘इन्फ्लेमेबल’ आहे. 1952 साली तर तो कायद्याच्या नावातच आला, इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस ॲक्ट. म्हणून आपल्या हायवेवर अजून टँकरच्या पाठीवर हातभर अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ रंगवलेलं दिसतं, आणि त्याच टँकरवरच्या चौकटीत 1203 हा पेट्रोलचा आंतरराष्ट्रीय आकडाही असतो. संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये रसायनांच्या लेबलांची जी जागतिक पद्धत छापली, तिने मात्र ‘फ्लेमेबल’ घेतला. तेव्हा एकाच ड्रमच्या कागदपत्रांत तुला परवान्यात एक शब्द आणि लेबलावर दुसरा मिळणार. दोन्ही एकच. मराठीतही एकच ठेव, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल दोन वेगळी संकटं आहेत.

त्या जागतिक पद्धतीत पायऱ्या आहेत: ‘एक्स्ट्रीमली’, ‘हायली’, मग नुसतं ‘फ्लेमेबल’, आणि 60 अंशांच्या वर ‘कम्बस्टिबल’. आता मराठी कर बघू! ‘अत्यंत ज्वालाग्राही’ आणि ‘अतिज्वालाग्राही’ यांत फरक काय, हे मी गोदामातल्या वीस जणांना विचारलं होतं एकदा. वीसही जण म्हणाले, काही नाही. बरोबर आहे त्यांचं. कायद्यासाठी तू तो फरक लिही, लिहावाच लागेल. पण खाली एक साधं वाक्य दे. ‘थंडीतही पेट घेते.’ ‘ठिणगी लागताच पेट घेते.’ ‘तापल्यावर पेट घेते.’ यातला फरक कोणालाही कळतो, शिवाय तो खराही आहे.

‘ज्वालाग्राही’ की ‘ज्वलनशील’ असं तू विचारलंयस. माझं मन ज्वालाग्राहीकडे झुकतं. ज्वाळा पकडणारं, क्रिया डोळ्यांसमोर उभी राहते. काहीजण म्हणतात, फ्लेमेबलला ज्वालाग्राही आणि कम्बस्टिबलला ज्वलनशील, असं वाटून घ्यावं. कागदावर छान दिसतं. पण तुझ्या ड्रमजवळ उभे राहणारे निम्मे हात उत्तर प्रदेश-बिहारकडचे असणार, आणि त्यांनी प्रत्येक टँकरवर हिंदीत ‘अति ज्वलनशील’ वाचलेलं आहे. त्यांच्या लेखी ज्वलनशील म्हणजे पेट्रोल. तू तो शब्द मवाळ द्रवाला दिलास, की त्यांच्या मनात सगळं एका रांगेत बसलं आणि पायऱ्या गेल्या. तेव्हा मवाळाला ‘तापल्यावर जळणारे’ म्हण. शब्दकोशातल्या जोड्या तुझ्या गोदामात राहायला येत नाहीत.

आणि ‘अज्वलनशील’ हा शब्द तर लेबलावर चुकूनही लिहू नकोस. सहा अक्षरांत सगळा भार पहिल्या ‘अ’वर. ड्रम घासला, रंगाचा पोपडा गेला, वर दुसरा ड्रम टेकला, ‘अ’ झाकला गेला, की शब्द उलटा. अंधारात, घाईत, भिंतीकडे तोंड केलेला ड्रम कोण शेवटपर्यंत वाचतो? इंग्रजीचा ‘इन’ निदान मुद्दाम कोणी ठेवला नव्हता. आपला ‘अ’ आपण हौसेने बसवू. ‘पेटत नाही’ असं लिही. क्रियापद शेवटी येऊ दे आणि नकार त्याला चिकटलेला असू दे.

त्यातही ‘पेटत नाही’ हे शब्द कोणी लिहायला सांगितले तर दोनदा विचार. शिकागोत इरोक्वाय नावाचं नवंकोरं नाट्यगृह होतं. जाहिरातीत ‘पूर्णपणे फायरप्रूफ’ म्हणून मिरवायचं. 30 डिसेंबर 1903च्या दुपारच्या खेळाला नाताळच्या सुटीतली मुलं, त्यांच्या आया, खच्चून गर्दी. दिव्याच्या ठिणगीने रंगमंचावरचं कापड पेटलं. सहाशे दोन माणसं गेली. आणि इमारत? इमारत खरंच फारशी जळली नाही. डागडुजी करून दुसऱ्या नावाने पुन्हा उघडली. फायरप्रूफ हे विशेषण भिंतींपुरतं खरं होतं. पडदे, लाकडी देखावे, खुर्च्यांवरचं कापड, कुलपं लावलेली दारं आणि आत बसलेली माणसं यांच्याबद्दल ते काही बोलतच नव्हतं. लोकांनी मात्र ते सगळ्यांसाठी वाचलं.

विशेषण वस्तूला कायमचं चिकटत नाही, मनू. लोखंडाचा ठोकळा पेटत नाही, पण भांडी घासायच्या लोखंडी काथ्याला काडी लाव, सरसर जळतो. पिठाच्या डब्यात काडी विझेल, पिठाची धूळ बंद खोलीत उडाली तर गिरणी उडते. आज सकाळी आमच्या इथल्या अग्निशमन केंद्रात भोंगा वाजवून शहीद जवानांना मानवंदना दिली, दर 14 एप्रिलला देतात. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती, पण आग आधी लागली ती कापसाच्या गाठींना. कापसाची गाठ! तिच्यावर कोण कशाला धोक्याची पाटी लावेल? दाबलेला कापूस आतल्या आत धुमसत राहतो, वरून पाणी मारलं तरी पोचत नाही. पाणी मारत असतानाच चारनंतर पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे सहासष्ट जण गेले. भोंगा वाजतो तेव्हा मी अजून उठून उभा राहतो, मामीला सवय झालीय.

बाकी अर्थांवर तुला फार शिकवायला नको, ते तुझं क्षेत्र. फक्त तीन शब्द वेगळे ठेव. इन्फ्लेमेबल म्हणजे स्वतः पेट घेणारं, मग ते थिनर असो की तुझ्या बाबांचा स्वभाव. त्याला मराठीत ‘तापट’ पुरे, ‘ज्वालाग्राही स्वभाव’ लिहिलंस तर बाबा खरंच पेटतील. इन्फ्लमेटरी म्हणजे दुसऱ्याला पेटवणारं, भाषण वगैरे. तिथे ‘प्रक्षोभक’ किंवा सरळ ‘चिथावणीचं’. पण डॉक्टरांच्या कागदावर तोच शब्द सुजेचा होतो. पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने इन्फ्लमेशनची चार लक्षणं लिहून ठेवलीत: लाली, सूज, उष्णता, ठणका. आगीची उपमा तेव्हापासून अंगाला चिकटली आहे. म्हणून ‘अँटी-इन्फ्लमेटरी गोळ्या’चं भाषांतर ‘अग्निरोधक’ असं करणारा एक नग मला भेटलाय. तो अजून नोकरीत आहे, तेव्हा तू कशाला राजीनामा देतेस? तिसरा इन्सेंडियरी, मुद्दाम आग लावायला केलेला, बॉम्ब किंवा माणूस. त्याला आपल्याकडे ‘आगलाव्या’ असा झकास शब्द आहे, निदान माणसासाठी.

एक गंमत राहिली. शाळेत ‘अग्निज खडक’ शिकलीस ना, इंग्रजीत इग्नियस? ते लॅटिन ‘इग्निस’ आणि आपला ‘अग्नी’ एकाच आजीची नातवंडं. ‘फ्लामा’चं मूळही भाषाशास्त्रज्ञ जिथे नेतात, तिथेच आपलं ‘भर्ग’, तेज या अर्थाचं, बसलेलं आहे. बाबा रोज सकाळी गायत्री म्हणतात तेव्हा थिनरच्या ड्रमवरच्या शब्दाच्या दूरच्या भावकीचं नाव घेतात. सांगू नकोस त्यांना, सकाळी सकाळी नको.

तेव्हा आता असं कर. त्या तपासणाऱ्या बाईंना फोन करून आभार मान, वाईट वाटून घेऊ नकोस. मजकूर पुन्हा कर. झाला की मला पाठवण्याआधी तुमच्या इमारतीच्या वॉचमनला वाचायला दे, आणि ‘कळलं का’ असं मुळीच विचारू नकोस, सगळे ‘हो’ म्हणतात. ‘हा ड्रम कुठे ठेवाल?’ असं विचार. जिन्याखाली म्हणाला तर परत लिही. माझ्याकडे जुन्या लेबलांची एक वही आहे, बरी-वाईट सगळी चिकटवलेली. पुढच्या रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
अण्णामामा

ता. क. ताईला सांग, देवघराच्या खालच्या कप्प्यात रंगकाम झाल्यापासून थिनरची अर्धी बाटली आहे. दिवाळीला आलो तेव्हा पाहिली आणि बोलायचं राहून गेलं. आजच्या आज गच्चीवर, सावलीत, झाकण घट्ट लावून. आणि ‘जवळजवळ रिकामीच आहे’ असं ती म्हणेल.